पीएचडीचं कारण

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार विचारते झाले, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार? राज्यभर गदारोळ झाला. विचारण्याची तऱ्हा वाईट होती. प्रश्न मात्र रास्त आहे. अभियांत्रिकीत सध्या हमखास निघणारा प्रबंधविषय म्हणजे कॉम्प्युटर व्हिजन, यंत्राला चित्र ‘बघायला’ शिकवण्याची विद्या. त्यात डॉक्टरेट करण्याची कारणं कशी बदलत गेली, ते जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलच्या बाजूने पाहू.

मुळात हा विषयच एका प्रबंधातून उभा राहिला. 1963 साली एमआयटीत लॅरी रॉबर्ट्सने ठोकळ्यांच्या साध्या फोटोवरून त्यांचे त्रिमितीय आकार संगणकाकडून काढून घेतले. आधी उजेड आणि सावलीच्या सीमा शोधायच्या, त्यांच्या सरळ रेघा करायच्या, मग त्या रेघा कोणत्या घनाकृतीच्या असाव्यात ते ताडायचं. काम लिंकन लॅबोरेटरीच्या टीएक्स-2 यंत्रावर चाललं, म्हणजे पैसा लष्कराचा. प्रबंधातला प्रश्न मात्र निखळ होता: सपाट चित्रातून खोली कळते कशी? तीन वर्षांनी सेमूर पॅपर्टने याच विषयाचा बराचसा भाग विद्यार्थ्यांकडून एका उन्हाळ्यात उरकून घेण्याचा बेत आखला. तो अजून उरकतोच आहे.

आपल्याकडे कारण वेगळं पडलं. आर. एम. के. सिन्हांनी 1973 साली आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी अक्षरं यंत्राने ओळखण्यावर प्रबंध लिहिला. रोमन अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेघेला टांगलेली, वर वेलांट्या, खाली उकार. पाश्चात्त्यांची रीत जशीच्या तशी उचलून चालणारं नव्हतं. आपल्या लिपीचं काम आपणच करायचं, हे पीएचडीचं फार चांगलं कारण होतं. खानदेशात तर ते आणखी जवळ येतं. एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं, ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. आणि धुळ्याला 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी दप्तरं सांभाळून बसलं आहे. मोडी लिहिणारा लेखणी फारशी उचलत नसे, शब्द तोडून लिहीत नसे. यंत्राला ती वाचायला लावणं हे आजही काम आहे. (राजवाड्यांना स्वतःला पीएचडीची गरज पडली नाही, तो भाग निराळा.)

केवळ हौसेने या वाटेला गेलेलेही आहेत. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या सीओईपीतून नॉर्थ कॅरोलायनाला गेले, 2002 मध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढे एमआयटीत प्रकाशाचा प्रवास टिपणारा कॅमेरा त्यांच्या गटाने केला. पण असे थोडे.

बहुतेकांचं कारण पगारपत्रकात आहे. एरंडोलहून जळगावकडे निघालं की पाळधीनंतर बांभोरी लागते. तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 चं. परिसरातलंच विद्यापीठ 1990 चं. महाविद्यालयं आली, प्राध्यापक आले, आणि 2010 च्या यूजीसी नियमांनी पीएचडीला आकडा चिकटवला: पदवी घेऊन रुजू होणाऱ्याला पाच आगाऊ वेतनवाढी, नोकरीत मिळवणाऱ्याला तीन. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी हवीच. संसार असलेल्या माणसाने वेतनवाढीसाठी अभ्यास केला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की मग विषय असा लागतो जो मुदतीत संपेल, आणि मुदतीत संपण्यासाठी तयार फोटो लागतात.

असे तयार फोटो प्लांटव्हिलेज नावाच्या संचात मिळतात. 2016 मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सलाते यांनी त्यातल्या 54,306 फोटोंवर यंत्राला पीक आणि त्याचा रोग ओळखायला शिकवलं. अचूकता निघाली 99.35 टक्के. एकेक पान तोडून सपाट पार्श्वभूमीवर ठेवलेलं. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तेव्हा तीच अचूकता 31 टक्क्यांवर आली, हे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. संचातली पिकं चौदा: सफरचंद, ब्लूबेरी, द्राक्ष, टोमॅटो, बटाटा वगैरे. केळी नाही. कपाशीही नाही.

म्हणजे केळीच्या जिल्ह्यात बसून ब्लूबेरीच्या पानावर प्रबंध लिहिणं सहज शक्य आहे. इथलं केळीचं पान वाऱ्याने चिंध्या झालेलं असतं, त्यावर दुसऱ्या पानाची सावली आणि धूळ. करप्याचा डाग, उन्हाने करपलेली कड आणि खताच्या कमतरतेचा पिवळेपणा यांतला फरक बागायतदार लांबूनही सांगतो. मोबाइलच्या फोटोत मात्र ते सगळं एकसारखं दिसतं. खरं संशोधन या फरकात आहे, आणि तो फरक प्लांटव्हिलेजच्या तयार फोटोंत सापडत नाही.

मार्गदर्शकांना एक विनंती आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला संगणकापुढे बसवू नका. रावेर-यावलच्या बागांत आणि एरंडोलच्या कपाशीत धाडा. हंगामभर काढलेले आणि कृषितज्ज्ञाकडून तपासून घेतलेले फोटो प्रबंधाचं एक प्रकरण म्हणून मोजा, आणि प्रबंध मंजूर झाला की ते सर्वांसाठी खुले करा.