उधारीच्या वहीतला इतिहास



संपाचा इतिहास सांगताना आम्ही चळवळीतली माणसे नेहमी एक चूक करतो. मागण्या किती होत्या, सभा केवढी झाली, वाटाघाटी कुठे फिसकटल्या, हे सारे आम्हांस तोंडपाठ असते. परंतु त्या दिवसांत माणूस जेवला कुठे, हे आम्ही विचारीत नाही. आज तेवढेच विचारू या.

मुंबईच्या गिरण्यांतला कामगार बव्हंशी कोकणातला, नाहीतर घाटावरचा. पुष्कळांची बायकामुले गावी; ते स्वतः लालबाग-परळच्या चाळीत, एकेका खोलीत दाटीवाटीने, पाळीप्रमाणे झोपत. जेवण खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. शेजारच्या खोलीतली एखादी बाई, पुष्कळदा गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा, दोन्ही वेळ रांधून वाढी. पैसे पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या माथी.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. अनेकजण गावी गेले. जे मुंबईत राहिले ते भाषणांवर जगले नाहीत. खानावळ, वाणी आणि शेजार यांनी त्यांना तगविले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. आमच्या चाळीतल्या खानावळवाल्या मावशींचा एक गडी उधारी वाढली म्हणून लाजेने जेवायला येईना. मावशींनी ताट झाकून आमच्या हाती दिले आणि म्हणाल्या, “त्याला सांग, जेवायला बोलावलंय, हिशेबाला नाही.” पावसाळ्यापर्यंत त्यांच्या हातांतल्या पाटल्या गेल्या आणि काचेच्या बांगड्या आल्या. तो गडी पुढे गावी गेला तो परतलाच नाही. आम्ही मोठेपणी युनियनचे काम धरले, शेकडो ठराव लिहिले. मावशींच्या त्या बाकीचा विषय एकाही ठरावात आला नाही. हा दोष आमचा आहे.

तथापि या आपुलकीचे देव्हारे माजविणेही बरे नव्हे. तिला जातीची वेस होती. साचेखात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. एका ताटाची भाषा बोलणाऱ्यांना पाण्याचे मडके वेगळे ठेवताना काही वाटत नव्हते. आपल्याच माणसाशी चांगले वागणे सोपे असते. खरी कसोटी वेशीपलीकडे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, चांगुलपणा एकट्याच्या खांद्यावर टाकला की तो खांदा मोडतो. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. वाढणाऱ्या हाताच्या पाठीशीही कुणी उभे राहावे लागते, हे त्यांनी ओळखले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: यापुढे कुठल्याही लढ्याचा निधी जमला, तर जमाखर्चात पहिली ओळ उधारीवर जेवू घालणारीची असावी. ती दया नव्हे, आमच्याकडची थकबाकी आहे.