आईबापाला काय येतं? खानदेशातल्या प्राथमिक शाळेचा एक इतिहास

शाळेत मुलं काय शिकतात, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. आज त्याला एक जोडप्रश्न लावू. मूल जे शिकतं, त्यातलं त्याच्या आईबापाला काय येतं? ‘पालकांचा सहभाग’ म्हणतात तो, माझ्या मते, या दुसऱ्या प्रश्नावर ठरतो.

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार. सरकारी शाळा येण्याआधी शिकवायचे ते पंतोजी. धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वाचायची, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकायची. पंतोजींना मोबदला धान्यात किंवा शिध्यात मिळे. ही शाळा सगळ्यांची नव्हती, हे आधीच सांगतो. मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांची मुलं नव्हती, शेतकऱ्यांची थोडीच. पण जी होती, त्यांच्या घरी तेच गणित रोज चालायचं. वाण्याचा पोरगा सकाळी पावकी म्हणायचा आणि संध्याकाळी बाप दुकानात तीच लावायचा.

मग इंग्रज सरकारने शाळा काढल्या. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसू लागली, तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी. अमेरिकेतल्या यादवीमुळे तेव्हा कापूस तेजीत होता, त्यामुळे खानदेशाला ही पट्टी लगेच बोचली नसेलही. पण पैसा शेतकऱ्याचा आणि शाळेत त्याचा मुलगा नाही, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडलं. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास-भूगोलाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या, आणि शिक्षक असा नेमा की ज्याला नांगर धरायची लाज वाटणार नाही. या शेवटच्या मागणीकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. घरात आणि वर्गात एकच काम ओळखीचं असावं, असा तिचा अर्थ मी लावतो.

सक्ती आली, पण ती पालकावर. १९२३ आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यांत मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड होता. आधी पट्टी भरणारा, आता दंड भरणारा.

याच काळात आईबापाच्या हातातलं एकेक निसटत गेलं. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेली. आजोबांना जमिनीचा जुना कागद वाचता यायचा, शिकलेल्या नातवाला येईना. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. चौसष्ट पैशांचा रुपया शंभरांचा झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. ही दशमान पद्धत सोपी होती, हवीच होती. पण बाजारात तोंडी हिशेब करणारी आई पोराच्या पाटीपुढे एका झटक्यात अडाणी ठरली. आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याबद्दल वेगळं सांगायला नकोच.

आता बहिणाबाई. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही. शेतात, जात्यावर ओव्या रचल्या. त्या कागदावर उतरवल्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने. १९५१ ला त्या गेल्या, आणि १९५२ ला अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी छापली गेली. गोष्ट नीट बघा. आपण म्हणतो पालकाने मुलाचा अभ्यास घ्यावा. इथे आई सांगते आणि शिकलेला मुलगा लिहून घेतो! पुढे याच कविता पाठ्यपुस्तकात आल्या, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. पण त्यांच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोया’ कवितेत आला की मास्तर कौतुकाने अर्थ सांगतात. त्याच तासाला रावेर-यावलचं पोर ‘केळी’ला ‘केयी’ म्हणालं की वर्ग हसतो. आणि आईच्या बोलीला हसणाऱ्या शाळेच्या पायरीवर ती आई बिचकते.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. मोठी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदानाचा खर्च पाहणं, हे अधिकार पूर्वी गावाला असे कायद्याने मिळाले नव्हते. पण दसरा-दिवाळीला कापूस वेचणी ऐन भरात असते. तेव्हा दुपारी बैठक लावली तर बाईने मजुरी बुडवून यायचं का? मग सही रजिस्टरवर नंतर होते, आणि कोरम कागदावर भरतो. शिवाय काय शिकवायचं, हे समितीच्या हातात नाही. तो अधिकार वरच्या शैक्षणिक प्राधिकरणाचा.

मात्र त्याच कायद्यात, कलम २९ मध्ये, शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं, असंही लिहिलेलं आहे. धुळ्याकडचं मूल पहिलीत ‘घरमा’ म्हणत येतं, पुस्तकात ‘घरात’ असतं. सातपुड्यातल्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचं अंतर याहून कितीतरी लांब. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. अहिराणी बोलणाऱ्या आईला तिथे काय लिहायचं, हे कोणी विचारत नाही. रकान्यात ‘मराठी’ पडतं.