गोरेगावात जन्मलेली गोळी

सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत नवं रसायन तयार झालं, की त्याला आधी क्रमांक मिळे आणि क्रमांकाला जोडून जन्मगावाची दोन अक्षरं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला बनलेल्या रसायनापुढे ‘बीए’ लागे. औषधशास्त्राच्या जुन्या नियतकालिकांत नैराश्यावरच्या एका औषधाचा उल्लेख मात्र ‘२३३०-गो’ असा येतो. ‘गो’ म्हणजे गोरेगाव, आरे कॉलनीच्या वाटेवरचं. पुढे हेच औषध ‘सिंटामिल’ नावाने दुकानात आलं. त्याचं शास्त्रीय नाव नायट्रॉक्साझेपिन. मनाच्या दुखण्यावरचं एक अस्सल नवं औषध मुंबईच्या उपनगरात घडलं, ही गोष्ट प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असायला हवी.

त्याचं कुळ सर्पगंधेपर्यंत जातं. झोप उडालेल्याला, भ्रमिष्टाला ही मुळी देण्याची आपल्याकडची रीत जुनीच. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवरचा तिचा गुण नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि परदेशी डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये बाझलला सिबाच्याच शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. वेड्यांच्या इस्पितळांतले खवळलेले रुग्ण त्याने शांत होऊ लागले. पण रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण खिन्न, निरुत्साही झाले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रेसरपिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. साठा रिता झाल्यावर मन खचत असेल, तर तो टिकवणारं औषध मनाला उभारी देईल का, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांच्या मागे लागला.

उत्तराचा धागा दुसरीकडेच सापडला होता. बाझलच्याच गायगी कंपनीचं एक रसायन डॉ. रोलँड कून यांनी म्युन्स्टरलिंगेनच्या इस्पितळात स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिलं. तिथे ते फुकट गेलं, पण १९५६ मध्ये नैराश्याच्या रुग्णांना त्याने उतार पडला. ते इमिप्रामिन. सिबा आणि गायगी १९७० साली एक झाल्या.

मधल्या काळात, १९६३ च्या मार्चमध्ये, सिबाच्या गोरेगाव संशोधन केंद्राचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. संचालक म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले टी. आर. गोविंदाचारी आले. वनस्पतींतल्या रसायनांत मुरलेला हा माणूस. कुप्पुस्वामी नागराजन यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ तिथे वर्षानुवर्षं राबले. जंतांवरचं अमोस्कॅनेट आणि अमीबाच्या आवेवरचं सॅट्रानिडाझोल हीसुद्धा याच केंद्राची अपत्यं.

सिंटामिलचा रेणू इमिप्रामिनशेजारी ठेवून पाहावा. दोघांतही तीन कडी एकमेकांना चिकटलेली, दोन्ही टोकांची सहा अणूंची, मधलं सात अणूंचं. दोघांना शेपूटही एकच: तीन कार्बन आणि टोकाला नायट्रोजन. गोरेगावकरांनी बदल केला तो मधल्या कड्यात. तिथे ऑक्सिजन बसवला आणि कडेच्या कड्यावर नायट्रो गट टांगला. मेंदूतल्या दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन आणि नॉरएड्रिनॅलिन सुटतात, निरोप पोचवतात आणि सोडणाऱ्या पेशीत परत ओढले जातात. सिंटामिल ही परतीची वाट अडवतं. वाट काही तासांतच अडते, पण मन सावरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात कंटाळून गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात.

त्या काळी अशा औषधाची परीक्षा घेतली जाई ती रेसरपिन देऊनच. रेसरपिन टोचलेल्या उंदराच्या पापण्या मिटतात, अंग गार पडतं, तो कोपऱ्यात निपचित बसतो. नव्या रसायनाने पापण्या उघडल्या, अंगात ऊब आली, तर ते पुढच्या चाचण्यांना पात्र. सर्पगंधा या कुळाची मूळ पुरुषही होती आणि परीक्षकही.

सिंटामिल १९८२ साली भारतात विक्रीला आलं. तोंडाला कोरड पडणं, बद्धकोष्ठ, दृष्टी अंधूक होणं हे इमिप्रामिनचे त्रास यात कमी होते. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांनाही ते दिलं जाई. पण काळ त्याच्या बाजूचा नव्हता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून घेऊन फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्यामुळे स्वस्त औषधं घरोघर पोचली, हे मोठंच काम झालं. मात्र इथे नवा रेणू शोधण्यावर पैसा लावायला परदेशी कंपनीला कारण उरलं नाही, असं मला वाटतं. त्यातच फक्त सेरोटोनिनची वाट अडवणारी फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं आली. तीन कड्यांच्या गोळ्या एकदम जास्त घेतल्या तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. नव्या गोळ्यांत तो धोका फार कमी, म्हणून डॉक्टर तिकडे वळले.

तरीही दोन्ही वाटा अडवण्याचा मार्ग बंद पडला नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हेनलाफॅक्सिन हेच काम करतं, तीन कड्यांशिवाय, आणि आज ते नैराश्याबरोबरच सततच्या चिंतेवरही दिलं जातं.