लांडग्यांच्या दरीतले पूर्वज

कोलंबोत एका टेकडीवर वोल्वेंडालचे डच चर्च उभे आहे. बांधकाम १७४९ ते १७५७. नावाचा अर्थ लांडग्यांची दरी. श्रीलंकेत लांडगा नाही, कोल्ह्यांवरून पोर्तुगीजांनी ते नाव दिले आणि डचांनी त्याचे भाषांतर केले, असे सांगतात. मेलबर्नहून येणारी बर्गर मंडळी इथे मान खाली घालून फिरतात. पूर्वजांची आडनावे पायाखालच्या थडग्यांच्या शिळांवर कोरलेली आहेत.

बर्गर म्हणजे नागरिक. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचे हे लंकेतले वंशज. कंपनीने १६५६ मध्ये पोर्तुगीजांकडून कोलंबो घेतले आणि १७९६ मध्ये इंग्रजांच्या हाती गमावले. (त्या विजयाचा एक धागा आपल्या कोकणात आहे. गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करणाऱ्या डच आरमाराला वेंगुर्ल्याच्या वखारीचा आधार होता. नाकेबंदीमुळे लंकेतल्या पोर्तुगीजांना गोव्याहून कुमक मिळणे कठीण झाले.) १९५६ च्या सिंहली भाषा कायद्यानंतर इंग्रजी बोलणारी अनेक बर्गर कुटुंबे ऑस्ट्रेलियाला गेली. आता त्यांची नातवंडे परत येतात, ती हातात वंशावळ घेऊन.

या वंशावळींपैकी बऱ्याच १९०८ साली स्थापन झालेल्या डच बर्गर युनियनच्या नियतकालिकात छापल्या गेल्या. सभासद व्हायचे तर बापाकडून युरोपीय रक्त सिद्ध करावे लागे. त्यामुळे झाड सुरू होते ते गलबतातून उतरलेल्या एका पुरुषापासून. तोही डचच असे असे नाही. कंपनीच्या चाकरीत जर्मन, स्वीडिश असे कितीतरी होते. युरोपातून बायका फारशा येत नसत. पुष्कळांनी मिश्र पोर्तुगीज वंशाच्या किंवा स्थानिक घरांतल्या मुलींशी लग्ने केली. म्हणून तर या ‘डच’ घरांत पिढ्यान्‌पिढ्या मोडकी पोर्तुगीज बोलली जाई. माझ्या मते ही बोलीच वंशावळीपेक्षा खरा पुरावा आहे. ती आयांनी मुलांना दिलेली आहे.

ओंडात्ये घराण्याचे उदाहरण तर थेट उलटे. कादंबरीकार मायकल ओंडात्ये यांनी लंकेला परतून कोलंबोतल्या एका चर्चच्या फरशीवर आपले आडनाव वाचले. पण घराण्याचा मूळ पुरुष तमिळ वैद्य, असे परंपरा सांगते. त्याच घराण्यातला, १७५८ मध्ये कोलंबोत जन्मलेला क्विंट ओंडात्ये पुढे हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात स्टॅडहोल्डरच्या सत्तेविरुद्धच्या चळवळीचा पुढारी झाला.

आई-आज्यांचा शोध घ्यायचा तर शिळा सोडून दप्तरे गाठावी लागतात. डचांनी जमिनीचे आणि शाळांचे ‘तोंबो’ ठेवले. शाळांच्या तोंबोंत ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांची माणसे, बाप्तिस्मे, लग्ने नोंदलेली आहेत. कोलंबोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते जपले आहेत. कंपनीच्या दप्तराला २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिवारसा म्हणून मान दिला. पण ही पाने वाचायला जुनी डच भाषा यावी लागते. परतून आलेल्या बर्गरांची घरची भाषा इंग्रजीच आहे.