ब्रेकच्या पॅडवरची काळी धूळ

आमच्या एका मित्राच्या मोटारीचे मागचे ब्रेक करकरू लागले, तेव्हा चकत्या आणि पॅड घरीच बदलायचे ठरले. काम तसे सरळ. पुढच्या चाकांना दगड लावायचे, मागच्या चाकांचे नट आधी सैल करायचे, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची. चाक काढले की चकती दिसते आणि तिला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. तो सोडवून तारेने टांगून ठेवायचा, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीला ताण बसत नाही. अडलो ते एकाच ठिकाणी. पुढच्या चाकाचा पिस्टन दाबला की आत जातो, हा जाईना. या गाडीत हँडब्रेकचा स्क्रू त्याच पिस्टनला जोडलेला आहे, त्यामुळे तो फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. जुन्या पॅडवरचे अस्तर जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते आणि सगळीकडे काळी धूळ साचली होती. मित्र तिच्यावर फुंकर मारणार तोच आम्ही त्याला थांबवले. का थांबवले, हे सांगायला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

ब्रेक गतिज ऊर्जेची उष्णता करतो. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २ लाख ज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेने चार कप चहाचे पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट केला तर सोळा कपांचे! (हा हिशेब वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावा.) ही सारी उष्णता काही सेकंदांत त्या अस्तरापाशी निर्माण होते.

इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. मागच्या चाकाला जोडलेली धातूची पातळ चकती कडेला दोन जबड्यांत पकडायची, ही त्याची कल्पना. आम्ही नुकतीच जी जोडणी सोडवली होती, ती तत्त्वतः हीच. पण अस्तर तांब्याचे होते. धातूवर धातू घासून कानठळ्या बसवणारी किंचाळी निघे, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे भराभर झिजे. कल्पना बरोबर होती, अडचण पदार्थाची होती.

पदार्थाच्या शोधात दुसराच एक माणूस होता, हर्बर्ट फ्रूड. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले उतारावर चाकाशी जुन्या बुटाचे चामडे दाबून गाडी आवरतात हे पाहून त्याला ब्रेकचे अस्तर बनवण्याची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. १८९७ मध्ये त्याने फेरोडो कंपनी काढली. हे नाव त्याच्याच नावातील अक्षरे उलटसुलट करून तयार झाले. सुरुवातीचे अस्तर सुती कापडाचे होते. घोडागाडीला ते पुरले, पण मोटारीच्या उष्णतेने कापूस करपू लागला. मग १९०८ च्या सुमारास न जळणारा, तरीही विणता येणारा तंतू वापरात आला. तो म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस.

तरी चकतीचे दिवस यायला वेळ लागला. तोवर ड्रम ब्रेकचे राज्य होते. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. पण लांब घाटउतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. पेडल खाली जाते, पकड मात्र सुटत जाते. चकती तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्याच दिशेने सरकते, शिवाय तिला वारा लागतो. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत डनलॉपच्या चकत्या बसवलेल्या जॅग्वारने जिंकली. सरळ रस्त्याच्या शेवटी तिचे चालक इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत होते. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही घरगुती वापराची मोटार पुढे चकत्या घेऊन आली. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून मागे ड्रमवर भागते; आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत आजही हीच वाटणी आहे.

पण अ‍ॅस्बेस्टॉसचा हिशेब वेगळ्याच ठिकाणी चुकता होत होता. इंग्लंडमधील रॉचडेल गावी अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. डॉ. कुक यांना तिच्या फुफ्फुसात त्याच खनिजाचे कण सापडले. १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यांतील या धुळीसाठी नियम केले. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील रुग्ण तपासून फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी या तंतूचा संबंध दाखवला. हे सगळे माहीत असूनही अस्तरे निघतच राहिली. तंतू स्वस्त होता, आणि आजार उमटायला वीस-तीस वर्षे लागत. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये बंदी आली १९९९ साली, अमेरिकेत तर २०२४ साली.

जुने पॅड कशाचे आहे हे नजरेने ओळखता येत नाही, आणि हल्लीच्या पॅडमधली धातूची बारीक पूडही श्वासात जाण्याजोगी नव्हेच. म्हणून आम्ही पाणी फवारून धूळ ओली केली, फडक्याने टिपली आणि फडके पिशवीत बांधून टाकले. नव्या चकतीवरचे तेल पुसले, पॅड बसवले. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घेतले आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश एक फेरी मारून आलो.