पावसाची बिनतारी वर्दी

26 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठपासून पुढल्या चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने अवघ्या 73 मिलिमीटर पर्जन्याची नोंद केली, आणि तेथून सुमारे पंचवीस किलोमीटर उत्तरेस सांताक्रूझला त्याच अवधीत 944 मिलिमीटर वृष्टी झाली. एकाच शहराच्या दप्तरी एकाच दिवसाचे हे दोन पाऊस! 1841 पासून कुलाब्याच्या नोंदींवर विसंबलेल्या मुंबईला उपनगरांचे आकाश निराळे आहे हे त्या पुरातल्या प्राणहानीनंतर उमगावे, याचा विषाद अजून ओसरत नाही.

त्या रात्री उपनगरांत ठिकठिकाणी वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, आणि घाटकोपरचे पाणी कुठवर चढले हे अंधेरीस कळेना. अशा प्रसंगी ज्यांची विद्या कामी यावी ते हौशी बिनतारीवाले, म्हणजे हॅम. बारा व्होल्टची बॅटरी, एक संच आणि गच्चीवरची अँटेना एवढ्यावर त्यांचे काम चालते. 1933 च्या कायद्याने बिनतारी यंत्रास परवाना सक्तीचा केला. महायुद्धात सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले. स्वातंत्र्योत्तर काळात ही विद्या पुन्हा रुजली, आणि 1978 मध्ये तिला स्वतंत्र नियमावली मिळाली. किल्लारीच्या 1993 च्या आणि भूजच्या 2001 च्या भूकंपात याच मंडळींनी निरोप पोहोचवले. अमेरिकेत तर ‘स्कायवॉर्न’ योजनेखाली असे स्वयंसेवक वादळाची वर्दी थेट हवामान खात्यास देतात.

या वर्दीची शिस्त पाहण्याजोगी असते. एक जण सूत्रधार होतो. इतर आपापले संकेतनाम, स्थळ, वेळ आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतात, आणि ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडतात. कारण एकाचे बटण दाबलेले असेतो दुसऱ्याचा शब्द नीट उमटत नाही. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर शेजारी दिसली तरी मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आडवे येतात, आणि हातसंचाच्या लहरी बहुधा दृष्टिरेषेतच धावत असल्याने उंचावरून संदेश पुढे धाडणाऱ्या रिपीटरवाचून त्या दोघांची गाठ पडणे दुर्घट.

2022 पासून वेरावलीच्या टेकडीवर डॉप्लर रडार आहे. त्याला मेघ दिसतात. अंधेरीच्या भुयारी मार्गात पाणी गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, हे दिसत नाही. ते तिथला हॅमच सांगू शकतो; आणि हॅमच्या परीक्षेस बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही बसता येते. उपनगरांतील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्या परीक्षेस अवश्य बसवावे.