तळटीप : घ. ५, प. २०

मूळ मजकुरात तिथीपुढे आलेले हे आकडे घटका आणि पळांचे आहेत. ते मध्यरात्रीपासून मोजायचे नाहीत. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. अहोरात्राच्या घटका ६०, घटकेची पळे ६०. म्हणजे घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. सूर्योदय साडेसहाचा धरला, तर ही तिथी ८ वाजून ३८ मिनिटांनी संपली. तरी सामान्य व्यवहारात दिवसभर तिचेच नाव चालते, कारण सूर्योदयाला ती होती. व्रते आणि श्राद्धे यांचे नियम मात्र वेगळे.

घटका मोजायला तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी जोशीबुवा याच घटिकापात्रावर नजर ठेवून बसत. 

सूर्योदय मात्र गावोगाव वेगळा. विषुवदिनाच्या सुमारास नागपूरला तो रत्नागिरीपेक्षा साधारण २३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका आधी होतो. म्हणून पंचांग कोणत्या गावाचे, हे पाहूनच अशा वेळा घड्याळात उतरवाव्यात.